पन्नास अंशांच्या खाली

परीक्षकांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि ऋताच्या पीएचडी प्रबंधातल्या एका पानावर बोट टेकवलं. "पर मॅडम, आपके गाइड का ही पेपर कहता है कि पचास डिग्री के नीचे ये बैक्टीरिया नहीं बचते. झिल्ली जम जाती है."

हॉलमधल्या नजरा पहिल्या रांगेकडे वळल्या. तिथं ऋताचे गाइड, जयंत मुळे सर, हाताची घडी घालून बसले होते. गरम पाण्याच्या झऱ्यांतल्या जिवाणूंवरचा तो पेपर त्यांचा. उज्जैनमधल्या विद्यार्थ्यांच्या कितीतरी बॅच तो वाचून पास झाल्या होत्या.

ऋतानं त्यांच्याकडे पाहिलं नाही. सरांना ते आवडलं.

"सर का प्रयोग सही है," ती म्हणाली. "पर सर ने एक दिन में ठंडा किया था. मैंने दो साल लिए."

मग ती समजावू लागली. जिवाणूच्या आवरणात, म्हणजे त्या झिल्लीत, चरबी असते. एकदम गारठा आला की ती तुपासारखी थिजते आणि जिवाणू मरतो. पण एकेक अंश उतरवत गेलं, तर दर खेपेला थोडे तगतात. ज्यांची चरबी जरा पातळ, तेवढेच. पुढची पिढी त्यांची. तिचे जिवाणू आता बेचाळीस अंशांवर वाढत होते, आणि त्यांचं आवरण झऱ्यातल्या पूर्वजांसारखं उरलं नव्हतं.

"मतलब, पेपर गलत है?"

मागच्या रांगेत, सकाळीच नानाखेड्याहून आलेल्या तिच्या आईनं पदर घट्ट धरला. विभागप्रमुख खाकरले. पेपरची काळजी नव्हती सरांना. ही आता आपल्याला सांभाळून घेईल, याची धास्ती होती.

ऋता म्हणाली, "प्रयोग नहीं. निष्कर्ष गलत है."

परीक्षक सरांकडे वळले. "आप कुछ कहेंगे, डॉक्टर साहब?"

सर उठले. जाकिटाचं बटण लावलं.

"तीन साल मैं लड़ा हूँ इससे, साहब. अब आप लड़कर देख लीजिए."

ते बसले, आणि मराठीत, मागपर्यंत ऐकू जाईल असं म्हणाले, "ऋता, तो शेवटचा ग्राफ दाखव यांना. ज्याच्यापुढे मी हरलो, तो."