ठोक्याचा आवाज

डाव्या चाकाचा हब उघडला आणि मिस्त्रींचं तोंड एवढंसं झालं. बेअरिंगचे रोलर निळे पडले होते, कडांना खड्डे पडले होते. म्हणजे चाकातून खरंच घूं घूं आवाज येत होता. बायको महिनाभर हेच सांगत होती आणि ‘तुझे कान वाजतात’ म्हणून मिस्त्री तिला उडवून लावत होते. आज गाडी दारात जॅकवर चढवली, तीसुद्धा तिला खोटं पाडायला.

उभा जन्म गॅरेजमध्ये गेलेला हा माणूस. गाडी गल्लीच्या तोंडाशी आली की बसल्या जागेवरून रोग सांगायचा. अजूनही चार लोक गाडी दाखवायला घरी यायचे, ते या कानांच्या भरवशावर. मुलीने उद्याची कानाच्या डॉक्टरची वेळ घेतली होती. "मी येणार नाही," असं त्यांनी ठणकावून सांगितलं होतं. बहिऱ्या मिस्त्रीकडे कोण कुत्रं फिरकणार?

हब रॉकेलने धुऊन त्यांनी बेअरिंगची नवी कडी आत ठेवली आणि हातोडी घेतली. कडी तळाला टेकली की ठोक्याचा आवाज बदलतो, पोकळ असतो तो भरीव होतो. तिथे थांबायचं, नाहीतर कडी तडकते. ही खूण त्यांनी किती पोरांना शिकवली असेल. त्यांनी ठोकलं. पोकळ. पुन्हा ठोकलं. पुन्हा पोकळ.

"अहो, बस की!" पायरीवर भाजी निवडत बसलेली बायको म्हणाली. "बसली ती केव्हाच."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"तुमच्या ठोक्यांवर दोन पोरं झोपवलीत मी. मला नाही कळणार तर कुणाला?"

मिस्त्रींनी हब उजेडाकडे धरला. कडी चहूबाजूंनी टेकलेली होती, केसाएवढीही फट नव्हती. त्यांना भीती वाटली, आणि बायकोसमोर भीती वाटल्याची लाजही वाटली. टोमणा मारायची इतकी चांगली संधी आयती चालून आली होती, पण ती मान खाली घालून भाजी निवडत राहिली.

उजव्या चाकाचंही बेअरिंग बदलायचं होतं. तो हब धुऊन झाल्यावर मिस्त्रींनी स्टूल पुढे सरकवलं.

"इकडे ये. बस समोर."

"भाजी फोडणीला टाकायचीय."

"थांबेल भाजी."

ती बसली. त्यांनी नवी कडी ठेवली आणि पहिला ठोका दिला. नजर कडीवर नव्हती, तिच्या तोंडावर होती.

"अजून," ती म्हणाली. "अजून. थोडं हळू. अजून एक... हं!"

हातोडी वरच्या वर थांबली. मिस्त्रींनी कडेने बोट फिरवून पाहिलं. अगदी बरोबर.

मग बेअरिंगमध्ये ग्रीस भरलं, सील बसवलं, नट बेताने आवळले, चाकं चढवली. मिस्त्रींनी एक चाक हाताने जोरात फिरवलं.

"आवाज?"

"नाही."

"मलाही नाही," ते म्हणाले आणि स्वतःच हसत सुटले. तीही हसली, डोळ्यांना पदर लावून हसली.

हात पुसता पुसता त्यांनी विचारलं, "उद्या डॉक्टरकडे किती वाजता जायचंय?"

"दहाला. रिक्षा सांगू?"

"दारात गाडी असताना? मी चालवतो. तू पुढे बस, माझ्या शेजारी."