रोजचा पंचनामा

वर्गाच्या नव्या पडद्यांसाठी मुलांच्या आईबापांकडून पैसे गोळा करायला नकार दिला, म्हणून नारीन शहराजवळच्या एका गावशाळेतून शिक्षिका कलिपा एजेला, म्हणजे कलिपाताईला, जानेवारीत काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी हजर! बुटांवरचा बर्फ दारात झटकला, खडू उचलला आणि पाचवीला अपूर्णांक शिकवायला लागली.

मुख्याध्यापक सादिरबेक म्हणजे कागदाला कागद जोडणारा माणूस. त्याने रोज पंचनामा करायला घेतला: ‘कलिपा एजेंनी आजही परवानगी नसताना पाच तास शिकवले.’ खाली त्याची सही, तीन शिक्षकांची साक्ष, शाळेचा गोल शिक्का. एक प्रत तिच्या हातात.

"जपून ठेवा हं एजे, म्हातारपणी वाचायला होतील!"

"आणा इकडे. आणि शिक्का जरा दाबून मारा, कालचा पुसट उठलाय."

मे महिन्यात वर्षाची शेवटची घंटा वाजली, तरी तिच्या हातावर पगाराचा एक सोमसुद्धा पडला नव्हता. ती कोर्टात गेली. तिथे सादिरबेकने सरळ कानांवर हात ठेवले. "पगार कसला, साहेब? जानेवारीपासून या बाईंनी आमच्याकडे एक तासही काम केलेलं नाही."

न्यायाधीशांनी कलिपाकडे पाहिलं. "काम केल्याचा काही पुरावा आहे?"

 

कलिपाने पिशवीतला गठ्ठा टेबलावर आपटला. "त्र्याऐंशी दिवसांचा आहे, साहेब. सही यांचीच, आणि शिक्का बघा कसा स्वच्छ उठलाय!"