गाडी आली नाही

"वहिनी, तुमची चिठ्ठी मला पेटीत टाकता येणार नाही," मतदान घेणारा सिलास क्रेन मतपेटीच्या तोंडावर हात ठेवून म्हणाला.

कतरिना विकॉफ हसली. सिलासला थट्टेची सवय होती आणि ती त्याला कधीच जमायची नाही. "भावोजी, तीन मैल चिखल तुडवून आलेय. हात काढा बघू."

सिलासनं हात काढला नाही.

नवरा गेल्यापासून दहा वर्षं ती दर ऑक्टोबरात याच सराईत मत टाकत आली होती. न्यू जर्सीत पन्नास पौंडांची मालमत्ता असली की विधवेलाही मत होतं. नवरा जिवंत असलेल्या बाईला मात्र नव्हतं, कारण तिचं सगळं नवऱ्याचंच. मतदानाच्या दिवशी पुतण्या गॅरेट गाडी घेऊन दारात हजर असायचा. गावातल्या चार विधवांना गोळा करायचा आणि सराईसमोर एकेकीला हात देऊन उतरवायचा. यंदा, १८०८ साली, गाडी आलीच नाही. चाक मोडलं असेल बिचाऱ्याचं, म्हणून ती पायीच निघाली होती. हातमोज्यात चिठ्ठी होती आणि चिठ्ठीवर विधिमंडळाचा उमेदवार म्हणून गॅरेटचं नाव.

"कायदा बदललाय, वहिनी. गेल्या नोव्हेंबरात. आता फक्त स्वतंत्र, गोरे पुरुष."

"तो पलीकडच्या परगण्यापुरता हो! तिकडे पोरांनी बायकांचे झगे चढवून दुबार मतं टाकली, म्हणून केलाय. गॅरेटनंच सांगितलं मला."

सिलासनं छापील कागद तिच्यापुढे सरकवला. तिनं वाचला. पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला. परगण्याचं नाव त्यात कुठेच नव्हतं. तिला राग यायला हवा होता, पण राग येईना. तिनं कागद परत सिलासकडे सरकवला.

तिच्यामागे टायटस लोहार उभा होता. काळा, पण कुणाचा गुलाम नव्हे. स्वतःची भट्टी, स्वतःचं घर. तोही दर वर्षी मत टाकायचा. त्यानं हातातली चिठ्ठी चार घड्या घालून खिशात ठेवली.

"चार जुलैला, स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीला घोड्यांना नाल ठोकायला मात्र मलाच बोलावतील," तो म्हणाला.

बाहेर ओसरीवर गॅरेट मतदारांना सायडर, सफरचंदाची दारू, पाजत होता. काकूला पाहताच त्यानं हातातला पेला खाली ठेवला.

"काकू! एवढ्या चिखलात कशाला आलात?"

"मत द्यायला. तुला."

त्यानं तिला बाजूला घेतलं. "अहो, तुमच्याबद्दल कुणाची काही तक्रार नव्हती. पण गोंधळ मिटवायचा म्हटलं की सरसकटच करावं लागतं. आणि मी आहे की सभागृहात! तुमचं काय हवं-नको ते मी बघेन."

"म्हणजे तू विरोध केलास." ती विचारत नव्हती. तो हो म्हणेल या आशेनं उभी होती.

गॅरेट बुटांकडे बघू लागला. "कायद्याच्या बाजूनं असणाऱ्यांना हात वर करायला सांगितले, काकू. सगळ्यांनी केले."

"गेल्या वर्षी तू तीन मतांनी निवडून आलास, गॅरेट. गाडीत आम्ही चौघी होतो."

त्यानं हात वर केला तेव्हा निवडून आल्याला जेमतेम महिना झाला होता. हे तिच्या आत्ता ध्यानात आलं आणि ती तिथेच पायरीवर बसली. याला तिनं लहानपणी अंगाखांद्यावर खेळवलं होतं. याच्यासाठी ती घरोघर फिरली होती, बाकीच्या तिघींना तिनंच तयार केलं होतं. त्यांना आता काय सांगायचं?

लोक बघायला लागले तसा गॅरेट कावराबावरा झाला. त्यानं घाईघाईनं गाडी मागवली. गाडी आली. चारही चाकं धडधाकट होती.

"चला, घरी सोडतो तुम्हाला," तो म्हणाला, आणि दर वर्षीच्या सवयीनं त्यानं हात पुढे केला.

कतरिना त्या हाताकडे बघत राहिली.

"हाच वर केलास का रे," तिनं विचारलं, "की डावा?"