बत्तिसावं बाप्तिस्मागृह

बाप्तिस्मागृहाच्या दाराला साखळी होती. साखळीला कुलूप, आणि कुलपाच्या वर प्लास्टिकच्या पाकिटात घातलेला कागद: डागडुजीसाठी बंद. कागद उन्हाने पिवळा पडला होता. आर्जियाने तो दोनदा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला.

"उघडणार कधी हे?" तिच्या नवऱ्याने, एर्मेतेने, समोरच्या कॉफीच्या दुकानातल्या बाईला ओरडून विचारलं.

"माझ्या पोरीचं लग्न होईल तेव्हा," बाई टेबल पुसत म्हणाली. "आणि तिला तर कुणी पसंतच पडत नाही."

एर्मेते हसला नाही. तीन तास गाडी चालवून अडुसष्ट वर्षांची कंबर धरली होती आणि पो नदीपलीकडच्या या भातखाचरांतले डास शर्टाच्या आत शिरले होते. दरवर्षी मे महिन्यात हेच. पीसा झालं, फ्लोरेन्स झालं, पार्मा, क्रेमोना, व्होल्तेर्रा झालं. मोठी संपली तशी आर्जिया नकाशातली लहानसहान शोधून काढू लागली. हे बत्तिसावं. दाराशी ती विचारायची, "येतोस?" तो म्हणायचा, "इथेच बरा आहे," आणि पायरीवर वर्तमानपत्र उघडून बसायचा. ती आत जाऊन बाप्तिस्म्याच्या पाण्याच्या कुंडाजवळ उभी राहायची. बाहेर आली की त्याच्या शेजारी दहा मिनिटं गप्प बसायची. मग दोघं घरी जायची.

ती कशासाठी येते, हे त्याला विचारावं लागलं नव्हतं. एकसष्ट सालच्या मे महिन्यात त्यांचं एकुलतं एक मूल घरीच जन्मलं आणि अर्ध्या तासात गेलं. पाद्रीने विचारलं, "बाप्तिस्मा झाला होता?" बाप्तिस्म्याशिवाय गेलेल्या मुलाला तेव्हा ना नाव मिळायचं, ना कबरस्तानात जागा, ना स्वर्ग. एर्मेते कम्युनिस्ट पक्षाच्या गावातल्या शाखेचा सचिव. रविवारी लोक चर्चला निघाले की हा पक्षाचं वर्तमानपत्र घरोघर टाकायचा. शाखेतले चार कॉम्रेड मागे उभे होते. तो छाती काढून म्हणाला, "नाही झाला. आणि तुमची जागाही नको आम्हाला." पोर कबरस्तानाच्या भिंतीबाहेर पुरलं गेलं.

पाद्रीला सांगितलं ते खोटं होतं. सुईण आर्जियाचा रक्तस्राव थांबवायला धडपडत होती, आणि निळं पडत चाललेलं पोर तिने त्याच्या हातात कोंबलं होतं. त्याने स्वयंपाकघरात ओंजळभर पाणी घेतलं, लहानपणी पाठ केलेले शब्द म्हटले, पोराला नाव दिलं. अडीनडीला बाप्तिस्मा कुणीही देऊ शकतो, त्याला पाद्री लागत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मग कॉम्रेड आले आणि त्याला लाज वाटली. पुढे त्या लाजेचीच लाज वाटू लागली. पहिल्या वर्षी सांगणं अवघड होतं, दहाव्या वर्षी अशक्य झालं. आता तर तो पक्षही उरला नव्हता. शाखेच्या जागी चपलांचं दुकान आलं होतं. तरी त्याचं तोंड काही उघडत नव्हतं.

आर्जिया हळूच पायरीवर टेकली आणि गुडघे चोळू लागली.

"माझे पाय संपले, एर्मेते. पुढच्या वर्षी नको. आता कुठेच नको."

हे तिने अगदी साध्या आवाजात सांगितलं. पोर कुठल्या अंधारात पडलंय या घोरातच ही एक दिवस मरणार. आणि तो घोर तिच्या जिवाला आपणच लावून दिला. त्याला स्वतःची किळस आली. आणि तो इतका दमला होता की खोटं धरून ठेवायचंही त्राण त्याच्यात उरलं नव्हतं.

"पोराला पाणी मी घातलं होतं," तो म्हणाला. "स्वयंपाकघरात. बाप्तिस्मा झाला होता त्याचा. त्या पाद्रीशी मी खोटं बोललो. शाखेतले हसतील म्हणून घाबरलो. तुला बत्तीस वर्षं उगाच वणवण करायला लावली. दे शिव्या."

आर्जियाने शिव्या दिल्या नाहीत. ती दुकानापलीकडच्या खाचरातल्या पाण्याकडे बघत होती.

"माहीत आहे मला," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. तुला वाटलं, मी बेशुद्ध आहे. मी ऐकत होते."

एर्मेतेने मागच्या कुलूपबंद दाराकडे बोट केलं. "मग हे सगळे दगडधोंडे कशाला बघत फिरलीस?"

"मी कशाला बघतेय दगड? अशा दारात बसवलं तर कधीतरी बोलशील, म्हणून तुला फिरवत होते, गाढवा. घरी सरळ विचारलं असतं तर नाही म्हणाला असतास. आणि तू एकदा नाही म्हणालास की जीव गेला तरी हो म्हणत नाहीस. मग मी कुणाला विचारणार होते?"

"विचारायचं काय राहिलं होतं? सगळं तर ऐकलं होतंस."

तिने पहिल्यांदाच मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"सगळं नाही रे. नाव तू फार हळू घेतलंस."