दोनशे चौदा

स्टुडिओच्या मिक्सरमधल्या, आवाज वाढवणाऱ्या काडेपेटीएवढ्या ऑप-अँपवरची काळी लाख खरवडायला बाबांना तीन दिवस लागले. आत आईच्या हातचं काम होतं. बारीक सुट्या भागांची दाटी, आणि मधोमध पाठीला पाठ चिकटवलेले दोन ट्रान्झिस्टर. त्यातला एक गेला होता.

"याच्या जागी तयार चिप बसवू या ना," लेक म्हणाली. "स्टुडिओवाले संध्याकाळी मिक्सर न्यायला येणार. कुणाला कळणार आहे?"

"असले बाकीचे पंधरा त्यांनी कधीच काढून टाकले. तुझ्या आईचा हा शेवटचा." बाबांनी हात पुढे धरले. बोटं कापत होती. "धड आहे तो ट्रान्झिस्टर प्रवाह किती पट वाढवतो, ते तू मोज. त्याच आकड्याचा जोडीदार शोधू."

तिनं तो सोडवून मीटरमध्ये खोचला आणि पडू नये म्हणून बोटांत धरून ठेवला. दोनशे तेवीस.

आई गेल्यापासून तिचा पत्र्याचा डबा कुणी उघडला नव्हता. जोडी न जुळलेला एकेक ट्रान्झिस्टर एकेका पाकिटात, वर आईच्या अक्षरात आकडा. लेकीनं पाकिटं दोनदा चाळली. दोनशे तेवीस कुठंच नव्हता.

"मला मेलीला या डब्याला हात तरी लावू दिला का तिनं? जवळ गेलं की म्हणायची, हो बाजूला, तुझे हात गरम."

"आहेतच गरम. बोटांची ऊब लागली की आकडा चढतो. सोड त्याला. आता तो निवेपर्यंत शंभर अंक मोज, आई मोजायची तसे."

ती मोजत राहिली. साठाला मीटरवर दोनशे सतरा. नव्वदीला दोनशे चौदा. मग आकडा हललाच नाही.

दोनशे चौदाचं पाकीट अगदी तळाशी होतं.

तिनं चिमट्यानंच दोघांच्या पाठीला गोंद लावला. "पुढं?"

"बोटांत दाबून धर. दोघं एकसारखे तापले पाहिजेत, नाहीतर आवाज भरकटतो."

"माझ्या बोटांत?"

"तुझ्या आईचे हात बर्फासारखे. तिच्या हातात गोंद सुकायचाच नाही. जोडी धरायला मला हाक मारायची."

लेकीनं धरलं. बाबा मोजू लागले.

"झाले शंभर."

तिनं बोटं सोडली नाहीत. बाबांनी पुन्हा एकपासून सुरुवात केली.