रुमालाचं कडं

त्या शेतघरात आम्ही आठवडाभर नुसतं लोळायला गेलो होतो. पहिल्याच जेवणाला माझ्या ताटाशी लाकडी कड्यात खोवलेला कापडी रुमाल होता. कड्यावर माझं नाव कोरलेलं होतं, ओदिल. अक्षरं वापरून वापरून गुळगुळीत झाली होती. माझ्या नवऱ्यासमोर, तिबोसमोर, साधा कागदी रुमाल.

"तुझं बरंय बाई, तू घरची," तो चिडवत म्हणाला.

"मग? कापडी घरच्यांना, कागदी पाहुण्यांना," मालकीणबाई, मादाम फुजरा, सूप वाढत म्हणाल्या.

मंगळवारी माझ्या रुमालावर चेरीचा डाग दिसला, कित्येकदा धुऊन फिका पडलेला. बुधवारी चीज कापायची सुरी कुठल्या खणात आहे, ते मला न विचारताच ठाऊक होतं. गुरुवारी तिबो मला म्हणाला, "जरा मीठ देता का?" मी हसले. तो हसला नाही.

शनिवारी सकाळी निघायचं होतं. मी गाडीची डिकी उघडली. आत एकच बॅग होती, त्याची.

धावत आत आले. तिबोने तिथल्या रीतीने वाडग्यात दिलेली कॉफी संपवली, तोंड पुसून कागद चुरगळला आणि मादामशी हात मिळवला. मग माझ्याशी.

"येतो. तुम्ही मायलेकींनी फार छान पाहुणचार केलात."

"तिबो, पुरे आता. माझी बॅग कुठे ठेवलीस?"

त्याने गोंधळून मादामकडे पाहिलं.

"मनावर घेऊ नका," मादाम त्याला हळूच म्हणाल्या. "दर शनिवारी ती असंच करते."