दोन बोटं माया

"अहो, माया कापू नका!" बायको म्हणाली, तोवर मास्तरांची कात्री तिच्या ब्लाउजच्या अर्ध्या शिवणीपर्यंत पोचली होती.

शिवणीच्या आत जे दोन बोटं जास्तीचं कापड दुमडून ठेवतात, त्याला शिंपी माया म्हणतात. उद्या अंग भरलं तर उसवायला हाताशी असावं म्हणून. मास्तरांनी आजवर वैऱ्याच्या सदऱ्यातलीही माया कधी कापली नव्हती. पण आज स्वारी खुशीत होती.

"कशाला हवी आता? पुन्हा जाड व्हायचा बेत आहे की काय तुझा?" असं म्हणून त्यांनी उरलेली अर्धी शिवणही साफ केली. "माझ्या पँटींचीही टाक कापून. परतीचे दोर तोडले म्हणजे जीभ ताळ्यावर राहते."

"हो, हो," बायको म्हणाली आणि जमिनीवर पडलेली कातरणं वेचू लागली.

आठ महिन्यांपूर्वीची गोष्ट वेगळी होती. तेव्हा दुकानात आधी मास्तरांचं पोट शिरायचं आणि मागाहून मास्तर. दुपारी जेवून ते अशी ढेकर देत की समोरचा घड्याळजी तिच्यावर घड्याळं लावून घेई. खोटं वाटत असेल तर त्याच्या दुकानातली घड्याळं बघा, तेव्हापासून सगळी जेवणाच्या वेळेवरच अडकलीत. मग रक्तात साखर निघाली. पायांना मुंग्या येऊ लागल्या. सुईची नेढी दोन-दोन दिसायला लागली आणि दोरा नेमका नसलेल्या नेढ्यात जायचा. डॉक्टरांनी तळलेलं, गोड, खारट सगळ्यावर काट मारली आणि हातात कागद दिला. उकडलेल्या भाज्या, मोडाची कडधान्यं, जेवल्यावर हजार पावलं.

"एका घरात दोन चुली मांडायची नाही मी," बायकोनं सांगून टाकलं. "तुमचं पथ्य ते माझं पथ्य."

आणि पथ्य लागू पडलं हो! मास्तरांच्या पायातल्या मुंग्या वारूळ शोधायला निघून गेल्या. नेढं एकच दिसू लागलं. कापडाचा गठ्ठा खांद्यावर घेऊन ते न थांबता माडी चढू लागले. रात्री झोप अशी लागे की घोरायचंही विसरून जात.

शिंप्याला सगळ्या गावाचं माप घेता येतं, स्वतःचं तेवढं येत नाही. वाकलं की टेप सरकते. म्हणून मास्तरांचं माप बायको घ्यायची आणि त्यांच्या पँटी तीच आत घ्यायची. तिचं माप मास्तर घ्यायचे. छत्तीस. मग चौतीस. मग बत्तीस. टेपेवर खडूची खूण करून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत, जसं काही पोरगी परीक्षेत पहिली आली आहे.

"वहिनी, लग्नातलं माप आलं की!" घड्याळजी म्हणाला.

"लग्नात याहून बारीक होते. यांनीच खाऊ घालून बिघडवलं."

मशीनवर बसल्या-बसल्या ती मधूनच डोकं टेकायची. "चरबी जाताना दमवतेच," मास्तर समजूत घालायचे.

माया कापली त्याच आठवड्यात मास्तर तिला मुद्दाम डॉक्टरांकडे घेऊन गेले. स्वतःचे कागद पुढे सरकवले, डॉक्टर खूश झाले. मग मास्तरांनी बायकोला पुढे केलं. "आणि हे बघा! हिनं तर मलाही मागं टाकलं."

डॉक्टरांचं हसू गेलं. "या काय खातात?"

"मी खातो तेच. ही थोडं जास्तच खाते."

डॉक्टरांनी तिचं पोट दाबून पाहिलं. एका जागी हात थांबला.

"मास्तर, हे पथ्यानं उतरलेलं अंग नाही."

पुढे इस्पितळ आलं. तिथले कपडे सगळ्यांना एकाच मापाचे, नाडीवर बांधायचे. औषधांनी तिचं अंग सुजत गेलं. मधे चार दिवस घरी सोडलं. परत जाताना ती म्हणाली, आज आपलाच ब्लाउज घालते. तो दंडापाशीच अडला.

ती हसली. "मास्तर, गिऱ्हाईक परत आलं. जरा सैल करून द्या."

मास्तरांनी शिवण उलटून पाहिली. आत काय आहे ते ठाऊक असून पाहिली. कापड काठोकाठ संपलं होतं.

"राहू दे हो," ती म्हणाली. "शाल आहे ना."

ती गेली तेव्हा अंगावर नाडीचेच कपडे होते.

मग मास्तरांनी पथ्य सोडलं. एकट्यासाठी भोपळा कोण उकडत बसणार? दुकानाच्या दारात उभ्या-उभ्या जे हाती येईल ते खायचे. गोड खायचे, तळलेलं खायचे, भूक नसतानाही खायचे. मुंग्या आपलं वारूळ ओळखत परत आल्या. नेढी पुन्हा दोन झाली.

एका सकाळी पँटचं बटण लागेना. दुसरी घेतली, तीही तशीच. माया तर कापलेली. जोड द्यावा लागणार म्हणून मास्तरांनी ठिगळाचं कापड शोधलं, चष्मा चढवला आणि पँट उलटी केली.

आत चार बोटं माया होती. पुरी चार बोटं. इस्त्री करून, दुमडून, तिच्या बारीक तुरपाईनं टाचून ठेवलेली. त्यांनी दुसरी पँट उलटली. तिसरी उलटली. तिनं कुठंच कात्री लावली नव्हती.

शिवण उसवायला हातात घेतलेलं ब्लेड मास्तरांनी खाली ठेवलं. बराच वेळ ते त्या दुमडीवर अंगठा फिरवत राहिले. मग एकही टाका न उसवता पँटी सुलट्या केल्या, खुंटीला टांगल्या, आणि लुंगी गुंडाळून एका माणसापुरता भोपळा उकडायला ठेवला.